मंदीत लॉफ्टचा भाव कसा ठरतो?

मराठी घरात लॉफ्ट म्हणजे पोटमाळा. मोठी पातेली, गणपतीची आरास आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या बॅगा जिथे जातात तो कप्पा. इंग्लंडमध्ये राहत असाल तर लॉफ्ट म्हणजे छपराखालची जागा, जी थोडा खर्च करून एक जास्तीची खोली होते. अमेरिकेतल्या घरांच्या जाहिरातींत मात्र हाच शब्द वेगळ्याच वस्तूसाठी येतो. जुन्या कारखान्याचा, गोदामाचा किंवा छापखान्याचा मजला घर म्हणून बांधून काढलेला: उंच छत, उघड्या विटा, काँक्रीटचे किंवा लाकडाचे जाडजूड खांब, भिंतभर खिडक्या आणि मध्ये भिंती जवळपास नाहीतच. हा लेख या तिसऱ्या लॉफ्टबद्दल आहे. या विषयावरचा एपिसोड तुम्ही ऐकला नसेल तरी चालेल; इथे सगळं पहिल्यापासून येईल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे घर परिचयाचं असणार. पहिली बरी नोकरी, डाउनटाउनमधलं ऑफिस, गाडीशिवाय जगता येईल अशी वस्ती, आणि लग्न-मुलं हा विषय अजून थोडा लांब. अशा वेळी लॉफ्ट मोहात पाडतो. तो घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त, मंदी आली की हे घर उपनगरातल्या तीन बेडरूमच्या घरासारखं वागत नाही, आणि का वागत नाही हे सही करण्याआधी समजलेलं बरं. कारण शेवटी प्रश्न तुमच्या बचतीचा आहे, आणि व्हिसावर असाल तर तुमच्याकडे वेळ किती आहे याचाही.

लॉफ्ट आला कुठून

न्यूयॉर्कच्या सोहो भागात दुसऱ्या महायुद्धानंतर छोटे कारखाने बंद पडत गेले. लोखंडी दर्शनी भागाच्या त्या इमारतींचे मोठे मजले रिकामे राहिले आणि चित्रकार, शिल्पकार कमी भाड्यात तिथे काम करू लागले. काम करता करता राहूही लागले. कायद्याने तिथे राहायला परवानगी नव्हती, म्हणजे सुरुवात चोरूनच झाली. १९७१ मध्ये शहराने मान्यताप्राप्त कलाकारांना तिथे राहण्याची मुभा दिली, १९७३ मध्ये तो परिसर वारसा म्हणून जाहीर झाला आणि १९८२ मध्ये राज्याचा लॉफ्ट कायदा आला. त्याच वर्षी शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक आलं. कलाकारांच्या गरजेतून आलेली राहणी श्रीमंतांच्या हौशीची आणि बिल्डरांच्या धंद्याची वस्तू कशी होते, हे त्यांनी त्यात दाखवलं.

पुढे ही कल्पना इतर शहरांनी उचलली. ऐतिहासिक इमारतीचा जीर्णोद्धार करणाऱ्याला केंद्र सरकार खर्चाच्या २० टक्के इतकी कर-सवलत देतं, त्यामुळे बिल्डरांचं गणित जमायला लागलं. मिनियापोलिसमध्ये नदीकाठच्या गिरण्यांची घरं झाली, सेंट लुईसमध्ये वॉशिंग्टन अव्हेन्यूवरच्या जुन्या व्यापारी इमारतींची. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये खास नियम करून डाउनटाउनमधल्या रिकाम्या ऑफिस इमारतींना घरं होण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या गिरणगावात जागा होती, इमारतीही होत्या. पण तिथे बहुतेक गिरण्या पाडून टॉवर आणि मॉल उभे राहिले, जुन्या भिंती ठेवून घरं करण्याची पद्धत रुजली नाही. म्हणून आपल्या आईवडिलांना हा प्रकार समजावून सांगताना जरा वेळ लागतो.

या इतिहासातून दोन प्रकार लक्षात ठेवा. खरोखर जुन्या इमारतीतला तो हार्ड लॉफ्ट. नव्या इमारतीत उंच छत आणि उघडे पाइप ठेवून तसा देखावा केलेला, तो सॉफ्ट लॉफ्ट. जुन्या इमारती नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे हार्ड लॉफ्टचा पुरवठा मर्यादित आहे. सॉफ्ट लॉफ्ट मात्र तेजीत कितीही बांधता येतात. मंदीत या फरकाला महत्त्व येतं.

भाव म्हणजे नेमका कोणता आकडा

'अमुक बिल्डिंगमध्ये लॉफ्टचा भाव काय चाललाय?' या प्रश्नाला निदान चार उत्तरं असतात. मालक मागतो ती लिस्टिंगची किंमत. करारात ठरते ती किंमत. बँकेचा माणूस येऊन ठरवतो ते मूल्यांकन, म्हणजे अप्रेझल. आणि विकणाऱ्याच्या हातात शेवटी पडते ती रक्कम. तेजीत हे चारही आकडे जवळजवळ असतात, मंदीत त्यांच्यात अंतर पडत जातं.

शिवाय घरांचा बाजार शेअर बाजारासारखा एका दिवसात कोसळत नाही. त्याचं मोडणं ठरावीक क्रमाने होतं. आधी व्यवहारांची संख्या कमी होते. मग लिस्टिंग जास्त दिवस पडून राहतात. त्यानंतर सवलती सुरू होतात: क्लोजिंगचा खर्च आम्ही देतो, पार्किंगची जागा फुकट, पहिल्या वर्षाचं मेंटेनन्स आमच्याकडून. मग मागितलेल्या किमती खाली येतात, आणि सगळ्यात शेवटी नोंदवलेले विक्रीचे भाव. म्हणजे 'भाव अजून पडलेले नाहीत' असं वेबसाइटवर दिसत असलं, तरी बाजार सहा-आठ महिने आधीच थंड झालेला असू शकतो.

सवलतींचा मुद्दा नीट समजून घ्या. समजा, लॉफ्ट ४ लाख डॉलरला विकला गेला अशी नोंद झाली. पण विकणाऱ्याने १२ हजार क्लोजिंगसाठी दिले आणि २५ हजारांचं पार्किंग किमतीतच दिलं. खरा भाव ३ लाख ६३ हजार झाला, नोंद मात्र ४ लाखांची. नव्या इमारतीतले बिल्डर हे मुद्दाम करतात. त्यांना उरलेले फ्लॅट विकायचे असतात, आणि एका फ्लॅटचा भाव उघडपणे उतरवला की बाकी सगळ्यांचा उतरतो. तुम्ही घेणारे असाल तर अशा नोंदींवर विसंबून बोली लावू नका. विकणारे असाल तर 'शेजारच्याला इतके मिळाले' हे वाक्य मनात धरून बसू नका.

व्याजाचा दर आणि परवडणारी किंमत

बहुतेक जण घर किमतीकडे बघून घेत नाहीत, हप्त्याकडे बघून घेतात. अमेरिकेत ३० वर्षांच्या ठरलेल्या दराच्या कर्जाचा आठवड्याचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांपर्यंत चढला. तीन वर्षंही झाली नव्हती.

सोपे आकडे घेऊन बघू. ४ लाख डॉलरच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता ३ टक्क्यांनी साधारण १,६८६ डॉलर येतो. ७ टक्क्यांनी २,६६१. ज्याला महिन्याला १,६८६ डॉलरच परवडतात, त्याला ७ टक्के दराने कर्ज मिळेल फक्त २ लाख ५३ हजारांचं. म्हणजे त्याची ऐपत सदतीस टक्क्यांनी घटली, पगार तोच असताना.

मग भाव सदतीस टक्क्यांनी का पडले नाहीत? कारण विकणाऱ्यांचीही तीच अडचण. ज्यांचं जुनं कर्ज ३ टक्क्यांचं आहे, ते घर सोडून ७ टक्क्यांचं नवं कर्ज कशाला घेतील? ते जागचे हलत नाहीत, विकायला घरं कमी येतात आणि भाव टिकून राहतात. इथे लॉफ्ट वेगळा पडतो. उपनगरातलं कुटुंब वाट बघू शकतं. लॉफ्टमधल्या जोडप्याला मूल झालं, नोकरी दुसऱ्या शहरात मिळाली किंवा दोघांना घरून काम करायचं झालं, तर बंद दरवाजाची एक खोली नसलेल्या घरात ते किती दिवस काढणार? आयुष्याच्या ठरावीक टप्प्यावर घेतलेलं घर तो टप्पा संपला की विकावंच लागतं. म्हणून दर चढे असतानाही लॉफ्ट बाजारात येत राहतात.

लॉफ्टची खास दुखणी

पहिलं दुखणं गिऱ्हाइकाचं. लॉफ्ट घेणारे बहुतेक तरुण, एकटे किंवा जोडपी, डाउनटाउनमध्ये नोकरी असलेले. त्या शहरात एखाद्या धंद्यात नोकरकपात झाली, तर विकणारे वाढतात आणि घेणारे घटतात, तेही एकाच वेळी, कारण दोघंही एकाच धंद्यातले असतात. शाळा बघून घर घेणारं कुटुंब ही मंदीतली सगळ्यात भरवशाची मागणी. तिला लॉफ्टचा उपयोग नसतो. आणि २०२० नंतर रोज ऑफिसला जाण्याची सक्ती जिथे सैल झाली, तिथे ऑफिसजवळ राहण्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारणही सैल झालं.

दुसरं दुखणं तुलनेचं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस आसपासच्या अलीकडच्या, सारख्या विक्रीवरून किंमत काढतो. उपनगरात एकाच नकाशाची चाळीस घरं असतात. लॉफ्टच्या इमारतीत कोपऱ्यातला मजला, नदीकडची बाजू, चौदा फुटांचं छत, अर्धा पोटमजला, प्रत्येक घर निराळं. त्यात वर्षभरात त्या इमारतीत दोनच विक्री झाल्या असतील आणि त्यातली एक अडचणीत सापडलेल्या माणसाने घाईत केली असेल, तर तुमच्या घराचं मूल्यांकन त्या घाईच्या भावावर होतं. करार ३ लाख ८० हजारांचा आणि मूल्यांकन ३ लाख ५० हजारांचं आलं, की बँक कर्ज ३ लाख ५० हजारांच्या हिशेबाने देते. वरचे तीस हजार घेणाऱ्याने रोख भरायचे, विकणाऱ्याने सोडायचे, नाहीतर व्यवहार मोडायचा.

तिसरं दुखणं मेंटेनन्सचं. आपल्याकडे सोसायटी असते तशी इथे मालकांची असोसिएशन, एचओए. जुनी इमारत दिसायला सुंदर, पण विटांची दर्जेदुरुस्ती, शंभर वर्षांपूर्वीच्या मापाच्या खिडक्या, जुनी लिफ्ट, सपाट छप्पर, हे सगळं महागडं असतं. इमारतीत तीसच घरं असतील तर खर्च तीसांतच वाटला जातो. महिन्याचा मेंटेनन्स ३०० डॉलरने वाढला, तर ७ टक्के दराने तो साधारण ४५ हजार डॉलरच्या कर्जाच्या हप्त्याइतका होतो. म्हणजे पुढचा घेणारा तेवढे तुमच्या किमतीतून कापून बघणार. फिलाडेल्फियासारख्या शहरात जुन्या इमारतीचं घरांत रूपांतर केलं की सुधारणेच्या किमतीवर ठरावीक वर्षं मालमत्ता कर माफ होतो. ही सवलतही किमतीत धरलेली असते. ती संपत आली असताना विकायला काढलंत, तर येणारा कर घेणाऱ्याला समोर दिसतो.

मंदीत यात भर पडते. काही मालक मेंटेनन्स भरणं थांबवतात, असोसिएशनकडे पैसा कमी पडतो, मग बाकीच्यांवर एकरकमी जादा वर्गणी बसते, म्हणजे स्पेशल असेसमेंट. दुसऱ्याच्या अडचणीचं बिल तुमच्या नावावर येतं.

चौथं दुखणं कर्जाच्या पात्रतेचं, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. अमेरिकेत बरीच गृहकर्जं पुढे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था विकत घेतात. कर्ज देताना त्या घेणाऱ्या माणसाची तपासणी करतात आणि इमारतीचीही. गेली अनेक वर्षं चालत आलेले ढोबळ निकष असे: १५ टक्क्यांहून जास्त घरांचा मेंटेनन्स ६० दिवस थकलेला नसावा, असोसिएशनच्या वार्षिक बजेटमधले निदान १० टक्के दुरुस्तीच्या गंगाजळीत जावेत, आणि इमारतीत दुकानं-ऑफिसांची जागा ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. तळमजल्यावर रेस्टॉरंट आणि गॅलऱ्या असलेल्या लॉफ्टच्या इमारती या शेवटच्या अटीजवळ सहज पोचतात. जून २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावात एक निवासी इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर इमारतीच्या दुरुस्तीबद्दलची चौकशी आणखी कडक झाली.

इमारत या निकषांत बसली नाही, तर काय होतं ते बघा. घेणाऱ्याला साधं कर्ज मिळत नाही. मग राहतात ते रोख पैसे देणारे, किंवा जास्त व्याज आणि मोठं डाउन पेमेंट देऊ शकणारे. रोखीवाला गुंतवणूकदार नेहमी पडेल भावातच मागतो. आणि लक्षात घ्या, यात तुमच्या घरात काहीच बदललेलं नसतं. पाच शेजाऱ्यांनी मेंटेनन्स थकवला, एवढंच झालेलं असतं. मंदीत भाव, थकबाकी आणि कर्ज यांचं असं चक्र सुरू होतं: थकबाकीमुळे कर्ज बंद, कर्ज बंद म्हणून भाव खाली, भाव खाली म्हणून आणखी थकबाकी. नव्या इमारतींनाही २००९ मध्ये हाच चटका बसला. आधी निम्म्याहून थोडी जास्त घरं बुक झाली की कर्ज मिळायचं, तिथे फॅनी मेने ती अट ७० टक्क्यांवर नेली. ऐन मंदीत सत्तर टक्के बुकिंग कुठून आणणार?

पाचवं दुखणं म्हणजे समोरचा बिल्डर. तेजीत सुरू केलेल्या इमारती मंदीत पूर्ण होतात, कारण बांधकामाला दोन-तीन वर्षं लागतात. तुमचा लॉफ्ट विकायला काढता तेव्हा शेजारच्या रस्त्यावर कोरी घरं सवलतीत मिळत असतात. शिवाय आता रिकाम्या ऑफिस इमारतींतून भाड्याची घरं तयार होताहेत. मॅनहॅटनमध्ये २५ वॉटर स्ट्रीट या एकाच जुन्या ऑफिस इमारतीतून १,३०० हून जास्त घरं निघाली. अशा पुरवठ्याने भाडी दबली, की विकण्याऐवजी भाड्याने देऊ या पर्यायाचीही धार कमी होते.

विकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं

आतापर्यंत आपण बाहेरची कारणं बघितली. आता आतलं एक. बोस्टनच्या डाउनटाउनमध्ये १९८० च्या दशकात कॉन्डोचे भाव भरमसाट वाढले आणि १९८९ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ४० टक्के पडले. डेव्हिड जेनसॉव आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातले तिथले व्यवहार तपासले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. प्रश्न साधा होता: ज्याला तोट्यात विकावं लागणार आहे, तो माणूस वेगळा वागतो का?

वागतो. बाजारभाव आणि आपण दिलेली किंमत यांत जेवढा फरक, त्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम तोट्यातला मालक वर चढवून मागतो. म्हणजे ४ लाखांना घेतलेलं घर आज ३ लाख २० हजारांचं असेल, तर फरक ८० हजारांचा, आणि मालक २० ते २८ हजार जादा मागतो. त्यातलं काही मिळतंही, फरकाच्या ३ ते १८ टक्के. पण घर विकलं जाण्याची शक्यता बरीच कमी होते. स्वतः राहणाऱ्या मालकांत हा हट्ट गुंतवणूकदारांच्या दुप्पट दिसला.

बाजाराला तुम्ही किती दिले होते याच्याशी काहीही देणंघेणं नाही. हे सगळ्यांना कळतं, तरी 'निदान घातलेले पैसे तरी निघू देत' हे मनातून जात नाही. मग पहिल्या महिन्यात आलेली बरी ऑफर नाकारली जाते आणि सहा महिन्यांनी त्याहून खालची स्वीकारावी लागते. मधले सहा महिने हप्ता, मेंटेनन्स आणि कर चालूच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, ही म्हण यासाठीच आहे.

आपल्या घरांत यावर आणखी एक थर असतो. 'जागेचा भाव कधी पडत नाही' हे वाक्य आपण आजोबांपासून ऐकलेलं. तेही पूर्ण खरं नाही. १९९५ च्या तेजीनंतर मुंबईतही जागांचे भाव पडले होते आणि कित्येक वर्षं तसेच राहिले होते. पण ज्यांना विकायची घाई नव्हती, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. वाक्य टिकलं ते थांबण्याच्या ताकदीमुळे. परदेशात, हप्त्यावर, व्हिसावर ती ताकद तुमच्याकडे आहे का, हा खरा प्रश्न.

पंधरा टक्के पडले, बचत किती गेली?

समजा, तुम्ही ४ लाखांचा लॉफ्ट २० टक्के भरून घेतला. स्वतःचे ८० हजार, कर्ज ३ लाख २० हजार, दर साडेसहा टक्के. तीन वर्षांनी भाव १५ टक्के उतरला. घर ३ लाख ४० हजारांना विकलं. एजंट, कर, कागदपत्रं मिळून ७ टक्के खर्च धरला तर सुमारे २४ हजार गेले. हातात ३ लाख १६ हजार. तीन वर्षांत कर्जाचं मुद्दल फक्त साडेअकरा हजारांनी कमी झालेलं असतं. बँकेला अजून ३ लाख साडेआठ हजार द्यायचे. तुमच्याकडे उरले साडेसात हजारांच्या आसपास.

भाव पडला १५ टक्के, तुमची भरलेली बचत गेली नव्वद टक्के. ज्याने १० टक्केच भरले होते, त्याला खिशातून पैसे घालून घर विकावं लागेल. आणि स्वतः राहत्या घराच्या विक्रीतला तोटा अमेरिकेत करातून वजाही करता येत नाही.

आता व्हिसा. एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला किंवा निघायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मंदीत लॉफ्टला गिऱ्हाईक मिळायलाच तेवढे दिवस लागतात. त्यानंतर कर्जाची कागदपत्रं होऊन व्यवहार पुरा व्हायला आणखी महिना-दीड महिना. अडला हरी, अशी अवस्था होते. पण इथे घाबरून चूक करू नका. घराची मालकी व्हिसाला बांधलेली नाही. देश सोडावा लागला तरी घर तुमचंच राहतं आणि मुखत्यारपत्र देऊन नंतरही विकता येतं. फक्त दोन गोष्टी आधी तपासा. एक, असोसिएशन भाड्याने द्यायला परवानगी देते का. अनेक इमारतींत किती घरं भाड्याने असू शकतात यावर मर्यादा असते. दोन, कराच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी झालात, तर विक्रीच्या वेळी घेणाऱ्याला पूर्ण किमतीच्या, नफ्याच्या नव्हे, साधारण १५ टक्के कापून सरकारकडे भरावे लागतात. काही व्यवहारांत हा दर कमी असतो आणि जास्त कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर ते अडकतात.

मग लॉफ्ट घ्यायचा की नाही?

२००६ ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या घरांचे भाव देशभरात मिळून सुमारे २७ टक्के पडले. पण मायामी आणि लास व्हेगसमध्ये ते निम्म्याहून जास्त पडले, तर डॅलसमध्ये फारच थोडे. 'अमेरिकेत भाव पडले' या वाक्याचा तुमच्या रस्त्यावरच्या इमारतीशी थेट संबंध नसतो. म्हणून इमारत तपासा. असोसिएशनचं बजेट, गंगाजळी, गेल्या दोन वर्षांच्या मीटिंगचे इतिवृत्त आणि थकबाकीचा आकडा मागा. हे मागणं अजिबात उद्धटपणाचं नाही. आजच्या घडीला त्या इमारतीत साधं कर्ज मिळतंय का, हे बँकेला थेट विचारा. गेल्या बारा महिन्यांत तिथे किती घरं विकली गेली आणि किती लिस्टिंग न विकता मागे घेतली गेली, हे एजंटकडून काढा. दुसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही, म्हणून तोच विचारा. घरात एक बंद खोली करण्याजोगी जागा, तीही खिडकीसकट, आहे का ते बघा, कारण तेवढ्याने पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुप्पट होऊ शकतं. करसवलत असेल तर ती कुठल्या वर्षी संपते ते लिहून ठेवा.

विकायचं असेल तर पहिले काही आठवडे सगळ्यात मोलाचे. लिस्टिंग ताजं असताना लोक बघायला येतात. नव्वद दिवस झाले की 'यात काहीतरी खोट असणार' असा समज होतो. आज कोण किती देईल यावरून किंमत लावा, आपण किती दिले होते यावरून नाही. चार वेळा थोडी थोडी उतरवण्यापेक्षा एकदा खरी लावलेली बरी.

आणि मंदीची दुसरी बाजूही खरी आहे. भाव पडले की नवी रूपांतरं थांबतात, त्यामुळे पुढच्या तेजीत चांगल्या जुन्या इमारतींना स्पर्धा कमी असते. बोस्टनमध्येही १९९० च्या दशकाच्या अखेरीस भाव जुन्या शिखराजवळ परत आले. पण परत यायला आठ-नऊ वर्षं लागली. ज्यांच्याकडे तेवढी वर्षं होती, त्यांना मंदी ही फक्त एक बातमी होती. म्हणून लॉफ्ट बघायला जाल तेव्हा छताच्या उंचीइतकंच हेही मोजा: नोकरी गेली, तर हप्ता, मेंटेनन्स आणि कर मिळून किती महिने तुम्ही ओढू शकता? हा आकडा सहाच्या खाली असेल, तर भाड्याचा लॉफ्टही तितकाच उंच असतो.